सुतावरून सॉफ्टवेअर

"मिस्त्री, मधल्या कपाटाची रुंदी किती लिहू?"

"पावणेसहा फूट लिहा साहेब, दोन सूत कमी."

पुण्याच्या नऱ्हे, धायरी, आंबेगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये हे बोलणं दिवसातून दहादा होतं आणि दोघांनाही त्यात काही अवघड वाटत नाही. पावणेसहा फूट म्हणजे पाच फूट नऊ इंच. इंचाचे आठ सूत, त्यातले दोन गेले, राहिले पाच फूट पावणेनऊ इंच. मिलिमीटरमध्ये १७४६.२५. मिस्त्रीच्या डोक्यात हा हिशेब होतसुद्धा नाही, टेपवर नुसतं बोट ठेवलं जातं.

आता या वर्कशॉपसाठी कुणीतरी सॉफ्टवेअर लिहायला घेतं. पहिल्याच फॉर्मवर 'रुंदी, फुटांत' अशी एक चौकट येते. ऑफिसात बसलेला मुलगा पाच फूट नऊ इंचांसाठी तिथे ५.९ टाकतो, कारण कागदावर सगळे तसंच लिहितात. कॉम्प्युटर ते पाच पूर्णांक नऊ दशांश फूट समजतो, म्हणजे १७९८ मिलिमीटर. खरं माप १७५३. साडेचार सेंटिमीटरची चूक, तीही अशी की स्क्रीनवर कुठे लाल अक्षर उमटत नाही. प्लाय कापून, सनमायका चिकटवून, टेम्पोतून तिसऱ्या मजल्यावर नेल्यावर मग ती भिंतीला टेकते.

सुतावरून स्वर्ग गाठणं ही सॉफ्टवेअरवाल्यांची जुनी खोड. मालकाची दोन वाक्यं ऐकायची आणि हजेरी, पगार, स्टॉक, ग्राहकांचे वाढदिवस असा सात मजली आराखडा काढायचा. ऑर्डरप्रमाणे फर्निचर करणाऱ्या छोट्या व्यवसायात मात्र स्वर्गाचं नंतर बघता येतं. आधी सूत नीट पकडावं लागतं, सुताराचं सूत.

ते पकडायचं कसं? एका चौकटीऐवजी तीन चौकटी: फूट, इंच, सूत. चौथी मिलिमीटरची, कारण मॉड्युलर किचनचं सगळं सामान मिलिमीटरमध्येच येतं. आत साठवताना एकच एकक ठेवावं आणि ते पूर्णांकात असावं. एक सूत म्हणजे नेमके ३१७५ मायक्रॉन, म्हणून मायक्रॉनमध्ये साठवलं तर अपूर्णांकच उरत नाही. दशांशात साठवून प्रत्येक वेळी जवळच्या मिलिमीटरला नेलं, तर आठ फळ्यांच्या उभ्या मांडणीत तो थोडा थोडा फरक साचतो आणि सगळ्यात वरच्या खणाची उंची जुळत नाही. त्याशिवाय मूळ बोललेलं माप जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात जपून ठेवावं. उद्या वाद झाला तर 'मी पावणेसहा म्हणालो होतो' हे १७४६.२५ वरून कुणालाच आठवत नाही. आणि आकडे देवनागरी कीबोर्डवरून आले तरी चालले पाहिजेत. देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 ही कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, पण फोनवर मराठी टाइप करणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही.

साईटवरचं माप ही त्यापुढची पायरी, आणि माझ्या मते सॉफ्टवेअरमधला सगळ्यात जास्त पैसा वाचवणारा स्क्रीन हाच. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत ओळंब्यात नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाणेरच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमधला कोपराही गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतो, हे पहिल्या फिटिंगला कळतं. प्लॅस्टरमध्येच या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक सहज निघतो. म्हणून फॉर्मनं एक रुंदी मागूच नये. खाली, मध्ये आणि वर अशा तीन रुंद्या, डावी-मधली-उजवी अशा तीन उंच्या आणि दोन कर्ण मागावेत. हिशेबाला सगळ्यात लहान माप आपोआप घ्यावं आणि सगळ्यात मोठ्या मापाशी किती फट राहते ते दाखवावं, म्हणजे बाजूची पट्टी किती रुंद लागेल ते तिथेच कळतं. कर्णांत फरक आला, तर कोपऱ्याचा फोटो घेतल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये.

त्याच फॉर्मवर चार साधे प्रश्न हवेत. फरशी बसली आहे का? फॉल्स सीलिंग होणार आहे का? स्कर्टिंग किती जाड आहे? लिफ्टच्या दाराची रुंदी किती? पहिला प्रश्न विसरला तर उंचीत दोन इंचांपर्यंत गोंधळ होतो. शेवटचा विसरला तर चार माणसं जिन्यानं कपाट चढवतात आणि त्यांची मजुरी कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते.

एक तपासणी तर सॉफ्टवेअरनं स्वतःहून करावी अशी आहे. खोलीची उंची २६०० मिमी आणि कपाट २५५० मिमी उंच, ६०० मिमी खोल. कागदावर वर पन्नास मिलिमीटर मोकळे दिसतात. पण आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताखालून फिरावा लागतो, आणि तो कर्ण २६२० मिमी येतो. कपाट उभंच राहत नाही. वर्गमुळाचं हे एका ओळीचं गणित. कर्ण छतापेक्षा मोठा आला की 'माळा वेगळा करा' अशी सूचना द्यायची, संपलं. पण ही ओळ मिस्त्रीशी बोलल्याशिवाय सुचत नाही, हिंजवडीत बसून तर नाहीच.

पुण्यात भाव सांगतात तो स्क्वेअर फुटावर. सात फूट उंच, सहा फूट रुंद कपाट म्हणजे समोरून बेचाळीस फूट, गुणिले दर. ग्राहकाला हेच समजतं, शेजाऱ्याकडे किती लागले याच्याशी तुलनाही यावरच होते. सॉफ्टवेअरनं ही भाषा बदलायला जाऊ नये. पण वर्कशॉपला खर्च येतो तो वेगळ्याच भाषेत. त्याच बेचाळीस फुटांत एकाला नुसत्या फळ्या हव्यात आणि दुसऱ्याला सहा ड्रॉवर, आतून आरसा, लॉकर. पहिल्या कपाटाचं आतलं काम दुपारी आटोपतं, दुसऱ्याचे ड्रॉवर जुळवण्यातच दोन दिवस जातात. दर फुटाला तोच लावला, तर फायदा कुठे गेला ते वर्षअखेरीपर्यंत कळत नाही. तेव्हा एका ऑर्डरला दोन हिशेब हवेत: ग्राहकाला दाखवायचा फुटाचा आणि मालकानं बघायचा तुकड्यांचा. दुसरा हिशेब आधी आणि पहिला त्यावरून यावा. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं.

तुकड्यांचा हिशेब म्हणजे कपाट फोडून त्याची फळी, शटर (दार), पाठ, पट्टी, बिजागरी, चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) आणि स्क्रूपर्यंत यादी करणं. इथे सुताराच्या हातातलं ज्ञान सूत्रात उतरवावं लागतं आणि चुका बहुतेक इथेच होतात.

जाडीपासूनच बघा. प्लाय १८ मिमीचा. बाहेरून १ मिमीचा सनमायका, आतून ०.८ मिमीचा लायनर, झाले १९.८. फेविकॉलच्या थरासकट २० धरावे. आता ९०० मिमी रुंद खोक्याची आतली रुंदी काढा. दोन बाजू १८ च्या धरल्या तर ८६४, वीसच्या धरल्या तर ८६०. सॉफ्टवेअरनं ८६४ ची फळी छापली तर ती आत जात नाही. मिस्त्री रंधा मारून बसवतो, काही बोलत नाही, आणि पुढच्या वेळी यादी न बघता स्वतःच मोजतो. यादीवरचा त्याचा विश्वास त्या चार मिलिमीटरमध्ये जातो. म्हणून जाडी प्रोग्रॅममध्ये कुठेही कायमची लिहू नये. प्रत्येक मालाच्या नोंदीत 'नावाची जाडी' आणि 'मोजलेली जाडी' असे दोन रकाने ठेवावेत आणि नवा लॉट आला की व्हर्नियर लावून दुसरा भरावा. १८ लिहिलेला प्लाय नेमका १८ भरेलच असं नाही. मालाच्याच नोंदीत ग्रेडही हवी, आयएस ३०३ (साधा प्लाय) की आयएस ७१० (मरीन प्लाय), कारण सिंकखालचा प्लाय फुगला की ग्राहकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

मग एज बँड. तयार शटर ४५० मिमी रुंद हवं आणि दोन्ही कडांना २ मिमीची पट्टी लागणार, तर कापायचं माप ४४६. सॉफ्टवेअरनं हे चार मिलिमीटर वजा करून ४४६ छापलं. पॅनेल सॉवरच्या, म्हणजे शीट कापायच्या मशिनवरच्या, माणसाला सवयीनं वाटलं की हे तयार माप आहे, त्यानं आणखी चार काढले. शटर ४४२ चं झालं आणि दोन शटरांमधून आतले कपडे दिसायला लागले. यावर उपाय गणिताचा नाही, छपाईचा आहे. यादीत दोन्ही मापं छापायची, 'कापायचं' मोठ्या अक्षरात, 'तयार' लहान अक्षरात, आणि ज्या कडेला पट्टी लागणार तिथे जाड रेघ.

ड्रॉवरचं सूत्र सोपं आहे. बाजूला बसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना तेरा-तेरा मिलिमीटर जागा लागते, म्हणून आतली रुंदी ४५० असेल तर ड्रॉवरचा डबा ४२४ चा. चॅनेलची लांबी पन्नासच्या टप्प्यात मिळते. आतली खोली ५४० असेल तर ५०० चा घ्यायचा, ५५० चा नाही. बिजागऱ्या शटरच्या उंचीवर ठरतात. नऊशे मिलिमीटरपर्यंत दोन, सोळाशेपर्यंत तीन, दोन हजारपर्यंत चार, त्यावर पाच. आरसा लावला की वजन वाढतं, मग एक जास्त. बिजागरी फुल ओव्हरले (शटर बाजूची कड पूर्ण झाकतं), हाफ ओव्हरले (अर्धी झाकतं) की इनसेट (खोक्याच्या आत बसतं), हे शटर खोक्यावर कसं बसतं त्यावरून ठरतं. मधल्या उभ्या फळीवर दोन शटर आले की तिथे हाफ ओव्हरले लागते, हे सूत्रात आलं नाही तर रविवार पेठेत, बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात, पुन्हा एक फेरी.

सागवानाचा पलंग असेल तर हे गणित बदलतं. लाकूड घनफुटात येतं: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकार भागिले १४४. साडेसहा फूट लांब, चार बाय दोनचा एक पाट म्हणजे ०.३६ घनफूट. पण टिंबर मार्केटमध्ये घेतलेला एक इंचाचा तक्ता रंधा मारल्यावर इंचाचा राहत नाही. विकत घेतलेलं माप आणि तयार माप, दोन्ही नोंदवायला हवीत.

यादी तयार झाली की प्रत्येक प्रोग्रॅमरला एक मोह होतो: शीटवर तुकडे कसे मांडायचे त्याचा प्रोग्रॅम आपणच लिहावा. कोडं सुंदर आहे, आणि म्हणूनच त्यात सहा महिने जातात. एक उदाहरण पुरे. शीट २४४० बाय १२२०. तुकडा ७२० बाय ६००, रेषा लांबीत, म्हणून फिरवता न येणारा. भागाकार केला तर लांबीत तीन, रुंदीत दोन, एका शीटमध्ये सहा तुकडे. आता शीटच्या कडा खराब असतात म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर काढा, रुंदी राहिली १२००. पात्याची जाडी चार मिमी. दोन तुकड्यांना लागतात ६००, ६०० आणि ४, म्हणजे १२०४. दुसरी पट्टी बसतच नाही, तुकडे निघाले तीन. शीटचा हिशेब दुप्पट झाला! खोली ५९० केली की पुन्हा सहा. हे सुचवणारं वाक्य सॉफ्टवेअरनं कोटेशनच्या वेळीच दाखवलं तर त्याची किंमत मांडणीच्या सगळ्या चातुर्यापेक्षा जास्त. मांडणीसाठी तयार प्रोग्रॅम मिळतात, त्यांना यादी फाइल करून द्यावी. फक्त तीन गोष्टी सोबत गेल्या पाहिजेत: पात्याची जाडी, कडेची छाटणी आणि रेषा कुठल्या दिशेनं. लाकडी रेषांचा सनमायका असेल तर तुकडा फिरवता येत नाही. एक शटर उभ्या रेषांचं आणि शेजारचं आडव्या रेषांचं असं किचन कुणी घेत नाही.

हिशेबाच्या वह्यांबाबतही तेच. खाती टॅलीत राहू द्यावीत, बिलाच्या नोंदी एक्सएमएल फाइलनं तिकडे पाठवता येतात. आपल्याकडे फक्त ऑर्डरवर किती आले, किती यायचे, एवढं पुरे. जीएसटीचा दर मात्र कोडमध्ये आकडा म्हणून लिहू नये, तारखेसकट तक्त्यात ठेवावा. लाकडी फर्निचरचा दर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पूर्ण वेत-बांबूच्या फर्निचरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. जुनं बिल आज उघडलं तर त्यावर जुनाच दर दिसला पाहिजे. अ‍ॅडव्हान्सचा नियमही प्रोग्रॅमला माहीत हवा. माल विकणाऱ्याला १५ नोव्हेंबर २०१७ पासून अ‍ॅडव्हान्सवर कर भरावा लागत नाही, कंपोझिशनवाले (छोट्या व्यावसायिकांच्या ठोक कर योजनेतले) सोडून, तो बिलाच्या वेळी लागतो. पण प्लाय ग्राहकानं स्वतः आणला आणि फक्त मजुरी घेतली, तर ती सेवा, आणि तिच्या अ‍ॅडव्हान्सवर कर लागतो. ऑर्डर घेताना 'माल कुणाचा' ही एक टिक त्यासाठीच. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी, सुताप्रमाणेच.

आता या धंद्यातलं खरं दुखणं. ग्राहक विचार बदलतो.

"काका, हँडल नको, प्रोफाइल करू या ना. बहिणीकडे बघितलं, मस्त दिसतं."

वाक्य एवढंच. पण प्रोफाइल हँडल (शटरच्या कडेला बसणारी धरायची पट्टी) म्हणजे शटरची उंची कमी, वरच्या पट्टीचं माप वेगळं, ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या वेगळ्या. कटिंग झालेलं असेल तर सगळं पुन्हा. म्हणून कोटेशन कधीही खोडून सुधारता येऊ नये. प्रत्येक बदलाला नवी आवृत्ती, जुनी गोठलेली, आणि दोघींतला फरक सॉफ्टवेअरनं मराठीत लिहून द्यावा: 'शटर ६, उंची ७२० ऐवजी ६९०, वाढीव रक्कम अमुक.' तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि ग्राहकाचं 'ओके' त्या आवृत्तीला चिकटवायचं. मालाचे दरही आवृत्तीत नक्कल करून ठेवावेत, दरपत्रकाला जोडू नयेत. नाहीतर आज प्लाय महागला की तीन महिन्यांपूर्वीचं मंजूर कोटेशन आपोआप वाढलेलं दिसतं आणि ग्राहकाशी भांडण होतं. बदलाला फुकट कुठपर्यंत परवानगी, याची रेघ मला सनमायका मागवण्याच्या क्षणी ओढावीशी वाटते. कटिंगपर्यंत थांबणं उदार वाटतं, पण मागवलेला रंग दुकानदार परत घेत नाही, आणि दोन शीट कमी पडून पुन्हा मागवल्या तर दुसऱ्या लॉटची छटा जुळेल याची खात्री नसते. नंबरसोबत लॉटही लिहावा तो त्यासाठीच.

तारीख देणं हा आणखी एक सापळा. सॉफ्टवेअर उत्साहानं एकवीस दिवस मोजतं. पण नव्या फर्निचरची डिलिव्हरी पितृपक्षात बरेच जण घेत नाहीत, आणि मग सगळ्यांना ते दसऱ्यालाच घरात हवं असतं. गणपती विसर्जनाच्या दिवशी मध्यवर्ती पेठांत टेम्पो जात नाही. राजस्थानकडचे मिस्त्री दिवाळीला आणि लग्नसराईला गावी जातात, आणि दहा दिवसांनी येतो म्हणालेला माणूस विसाव्या दिवशी येतो. हे सगळं पंचांग बघून वर्षाच्या सुरुवातीला हातानं भरायचं, कुठली लायब्ररी ते देत नाही. पावसाळ्यात पॉलिशचे दिवसही वाढवावेत. हवेत दमटपणा असला की लॅकरवर पांढुरका धूर धरतो आणि हात पुन्हा मारावा लागतो. जून ते सप्टेंबर पॉलिशला वेगळा गुणक, एवढं पुरतं. आणि तारीख मोजायची ती ज्या कामाला माणसं सगळ्यात कमी त्यावरून. ते बहुधा फिटिंग असतं, कटिंग नव्हे. फिटिंगच्या दोनच जोड्या असतील तर आठवड्यात तिसरं किचन कापून नुसती जागा अडते.

वर्कशॉपमध्ये हे वापरणार कोण, हा प्रश्न शेवटी आला तर उशीर होतो. तिथे लाकडाचा भुसा असतो, हाताला फेविकॉल असतो, आवाज असतो. टचस्क्रीनवर बोट चालत नाही. मिस्त्रीला कागदच द्यावा, मोठ्या अक्षरात, त्याला वाचता येईल त्या भाषेत, बहुधा हिंदीत. तुकड्यांवर थर्मल प्रिंटरचं लेबल उपयोगी पडतं. मध्यम किचनमध्येही तुकडे शंभराच्या पुढे जातात. लेबल दर्शनी बाजूला लावू नये, डिंकाचा डाग राहतो. क्यूआर कोड ठेवायचा तर ठेवा, पण खोक्याचा नंबर आणि तुकड्याचं नाव वाचता येईल एवढं ठसठशीत हवं. स्कॅन करणाऱ्याचा फोन बहुतेक वेळा चार्जिंगला लावलेला असतो.

उरलेल्या तुकड्यांचा स्टॉक सॉफ्टवेअरमध्ये ठेवण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत झालं आहे. रॅकमधला तुकडा कुणीही उचलतो, ड्रॉवरचा तळ करतो, नोंद कोण करणार? दोन फूट बाय एक फुटापेक्षा मोठे तेवढे पंधरा दिवसांनी एकदा मोजावेत.

नवं सॉफ्टवेअर सुरू करताना मागच्या दहा पूर्ण झालेल्या ऑर्डरी त्यात घालाव्यात आणि त्यानं काढलेल्या शीट, बिजागऱ्या, चॅनेल खऱ्या खरेदीच्या बिलांशी ताडून बघाव्यात. फरक जिथे पडतो तिथे एकतर सूत्र चुकलेलं असतं, नाहीतर माल वाया गेलेला असतो. दोन्ही कळलेलं बरं. करून देणारा मेव्हण्याचा मित्र असला तरी सोर्स कोड, डेटा आणि डोमेन मालकाच्या नावावर हवेत, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कागदावर यावं. पुण्यात प्रोग्रॅमर मुबलक आहेत, पण शनिवार-रविवारी काम करणारा प्रोग्रॅमर सहा महिन्यांनी बंगळुरूला जातो.

बॅकअपसाठी गुरुवार चांगला. महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी असतात, मशिनं बंद, ऑफिसात बॅटरीवर लॅपटॉप तेवढा चालू. पेन ड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवायची, शेवटची ऑर्डर उघडायची, तुकड्यांची यादी काढायची. मधल्या कपाटाची रुंदी तिथे ५ फूट ८ इंच ६ सूत अशीच दिसली पाहिजे. मग पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी न्यायचा, टेबलाच्या खणात ठेवायचा नाही. शेजारीच थिनरचे डबे असतात.